अप्पांच्या पानावर

"जानवं आहे ना?" पुराणिक गुरुजींनी मला विचारलं.

"होतं."

"होतं म्हणजे?"

"मुंजीत होतं."

गुरुजींनी पिशवीत हात घालून एक नवं जानवं काढलं आणि फाटलेल्या चपलेला खिळा मारणाऱ्याच्या चेहऱ्यानं ते माझ्या गळ्यात घातलं. पितृपक्षातली दुपार होती. मिरजेतल्या आमच्या कॉलनीत, माझ्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये, आठल्यांच्या घरी मी सोवळं गुंडाळून उभा होतो आणि आपण इथवर कसे आलो याचा विचार करत होतो.

आलो होतो रमाकांत आठल्येमुळे. रमाकांत पाटबंधारे खात्यात होता. त्याच्या वडिलांचं, अप्पांचं, श्राद्ध होतं. पितरांच्या जागी बसायचे ब्राह्मण त्या दिवशी सकाळी पंचमीचं श्राद्ध असलेल्या तिघांकडे जेवून आडवे झाले होते. पितृपक्षात आमच्या गावात जिवंत ब्राह्मण मिळणं मेलेल्यांपेक्षा अवघड असतं. रमाकांत धापा टाकत जिना चढून वर आला आणि म्हणाला, "रिसबूड, नुसतं बसायचंय. जेवायचंय. बाकी काही नाही."

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो आणि असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण रमाकांतनं मला दोनदा भरलेला गॅस सिलिंडर उसना दिला होता. तो काळ असा होता की सिलिंडर देणाऱ्यासमोर माणसाची तत्त्वं फार ताठ उभी राहायची नाहीत.

"साडेतीनला मला मोकळं करा," मी म्हणालो. "ऊर्मीला बालवाडीतून आणायचंय. शैलजाला ड्यूटी आहे." शैलजा, माझी बायको, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती.

"तीनला मोकळे," गुरुजी म्हणाले. "मलाही अजून दोन घरं आहेत."

देवांच्या जागी लेले नावाचे एक वयोवृद्ध गृहस्थ पूर्वेकडे तोंड करून बसले होते आणि बसल्याबरोबर त्यांचा डोळा लागला होता. मला पितरांच्या पाटावर बसवलं, उत्तरेकडे तोंड करून. समोर भिंत. भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी अप्पांचा फोटो. काळी टोपी, चष्मा, मिटलेले ओठ. हेडमास्तर होते.

"नियम ऐका," गुरुजी म्हणाले. "जेवताना बोलायचं नाही. पदार्थ चांगला म्हणायचा नाही, वाईट म्हणायचा नाही. वाढतील ते घ्यायचं. नको म्हणायचं नाही. शेवटी मी विचारीन, तृप्त झालात का? तुम्ही म्हणायचं, तृप्त झालो. संपलं."

"आणि नाही झालो तर?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "अठ्ठावीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. "नाही कोणी म्हटलेलं नाही."

माई वाढायला आल्या. रमाकांतची आई. शहात्तरीच्या, काटकुळ्या, पाठीत वाकलेल्या. वर्षभर घरात सून स्वयंपाक करायची, पण या दिवशी माई तिला ओट्यापाशी फिरकू देत नसत. खीर, वडे, अळू, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. आणि शेपू. मुगाची डाळ घातलेली, हिरवीगर्द, पानाच्या चवथ्या हिश्श्यावर पसरलेली.

"माई, शेपू श्राद्धाला..." गुरुजी पुटपुटले. ही पुटपुट दर वर्षाची असावी.

"यांना आवडायची," माई म्हणाल्या. उत्तरही दर वर्षाचं असावं.

मला शेपू आवडत नाही. लहानपणी आमच्याकडे पानात टाकायची बंदी होती, तेव्हापासून मी एक युक्ती करतो. नावडतं ते आधी संपवायचं, म्हणजे पुढचं जेवण सुखानं होतं. घरी दुधीच्या बाबतीत माझं हेच चालायचं. त्याप्रमाणे मी चार घासांत शेपू संपवली, पाणी प्यायलो आणि विजयी नजरेनं वड्यांकडे वळलो. एवढ्यात माई पातेली घेऊन परत आल्या. "आवडली वाटतं," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि पहिल्याएवढीच शेपू पुन्हा वाढून गेल्या. नको म्हणायची सोय नव्हती. तीही संपवली. त्या तिसऱ्यांदा आल्या.

शेवटी गुरुजी हात जोडून समोर उभे राहिले. आधी संस्कृतात विचारलं, मग माझ्यासाठी मराठीत. "तृप्त झालात?"

मी 'तृप्त झालो' म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

"नाही," मी म्हणालो.

आवाज माझा नव्हता. म्हणजे घसा माझाच होता, पण त्या 'नाही'त एक हेडमास्तरी जरब होती. मी विद्यार्थ्यांशी अशा आवाजात कधी बोललेलो नाही. बोललो असतो तर ते वर्गात थांबले असते.

आणि समोरची भिंत गेली.

भिंत पडली नाही, फाटली नाही. नुसती नव्हती. कॅलेंडर मात्र होतं तिथेच होतं, कशालाही न टांगता. त्याच्या पलीकडे एक लांबच लांब पडवी होती आणि तिच्यात पंगत बसलेली होती. दोन्ही टोकं दिसत नव्हती. दुपारचंच ऊन होतं, पण कोणाची सावली पडत नव्हती. मी त्या पंगतीतल्या एका पाटावर बसलो होतो. समोर तेच पान, तीच शेपू.

"सरकून बसा," उजवीकडचा माणूस म्हणाला. काळी टोपी, चष्मा. "अर्धा पाट माझा आहे."

मी सरकलो. माणूस घाबरला की आधी सांगितलेलं ऐकतो.

"अप्पा आठल्ये?" मी विचारलं.

"तुम्ही?"

"वरच्या मजल्यावरचा रिसबूड. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो."

"अरेरे," अप्पा मनापासून म्हणाले. मग माझ्या दंडावर थाप मारली. "पण शाबास! अकरा वर्षं दर पितृपक्षाला इथे बसतोय. दर वर्षी तिकडून कोणीतरी ढेकर देतं आणि 'तृप्त झालो' म्हणतं. मला विचारतंय कोण? पहिल्यांदा आज खरं बोललात."

"मी नाही बोललो. तुम्ही बोललात."

"मी जेवताना बोलत नाही," अप्पा कडक आवाजात म्हणाले.

"आत्ता बोलताय."

"आत्ता मी जेवत नाहीये. ही जेवायची गोष्ट आहे का?" त्यांनी बोट दाखवलं. शेपूकडे.

डावीकडून कोणीतरी खुदकन हसलं. नऊवारीतली एक ठेंगणी म्हातारी होती. तिच्या पानावर पुरणपोळ्यांची चळत होती, छातीएवढी उंच.

"नवीन दिसता," ती म्हणाली.

"मी मेलेलो नाही," मी घाईनं सांगितलं.

"कळतंय ना. सावली पडलीय तुमची." तिनं माझ्या पाटाखाली पाहिलं. "पातळ झालीय पण."

मी पाहिलं. खरंच होती, पाणी घातलेल्या ताकासारखी.

"हे काय आहे सगळं?" मी विचारलं.

"पंगत आहे. ज्याला जे आवडायचं असं घरच्यांना वाटतं, ते त्याच्या पानावर. आता मला बघा. साठ वर्षं पुरणपोळ्या लाटल्या मी. लोकांच्या. मला मेलीला त्या पुरणाच्या वासानं मळमळायचं. पण लेकरू म्हणतं, आई पुरणपोळ्या काय सुरेख करायची, तिला वाढा पुरणपोळ्या. मला ज्वारीची भाकरी हवी हो. गरम. वर ठेचा. ते पलीकडचे दिसतात ना, दाढीवाले? मधुमेहानं गेले. त्यांना बघा, जिलब्या."

दाढीवाल्यांनी जिलबीच्या डोंगराआडून मला नमस्कार केला.

"मला परत जायचंय," मी म्हणालो. "साडेतीनला मुलीला आणायचंय."

"मग तृप्त म्हणा आणि जा," म्हातारी म्हणाली. "तिकडून तीनदा विचारतात. एकदा विचारून झालंय. तिसऱ्यांदाही नाही आलं उत्तर, तर गुरुजी वाट बघत नाही, विसर्जन करून टाकतो. मला माहीत आहे ना. माझाच लेक तो."

"पुराणिक गुरुजी तुमचे?"

"कृष्णाबाई पुराणिक. जगाची श्राद्धं तब्येतीत करतो आणि माझं आटोपतो पाव तासात, दुसऱ्याच्या घरून आणलेल्या पोळ्यांवर. तर विसर्जन झालं की ही सगळी रांग उठते आणि चालायला लागते. तिकडे." तिनं मान मागे, दक्षिणेकडे, हलवली. "पाटावर बसलेला रांगेबरोबर उठतो. सावली असो की नसो."

मी ताबडतोब म्हणालो, "तृप्त!"

म्हणालो नाही. ओठ हलले, घसा हलला, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा जीव खाऊन केलं.

"पाट अप्पांचा आहे," कृष्णाबाई म्हणाल्या. "ते झाले तर तुम्ही झालात. इथे खोटं घशातून निघत नाही."

मी अप्पांकडे वळलो. त्या क्षणी माझ्या मनातली भीती संपली आणि तिथे साडेतीन येऊन बसले. बालवाडीच्या पायरीवर लाल दप्तर मांडीवर घेऊन बसलेली ऊर्मी मला दिसत होती. तिला न्यायला कोणी आलं नाही तर ती रडत नसे. नुसती फाटकाकडे बघत बसे. हेडमास्तर असोत नाहीतर साक्षात यम, मी या माणसाला तृप्त करणार होतो.

"अप्पा, तुम्हाला काय हवंय?"

"काही नको. ही नको."

"बस? शेपू नको?"

"चोपन्न वर्षं झाली," अप्पा म्हणाले. "त्रेचाळीस तिकडे आणि अकरा इकडे. लग्नानंतर महिन्याभरात तिनं पहिल्यांदा केली. मी मुकाट्यानं आधी संपवून टाकली. तर परत वाढली."

माझ्या अंगावर काटा आला. हा माणूस माझाच काका शोभला असता.

"तुम्ही संपवता म्हणून त्या वाढतात!"

"पानात टाकायचं नाही, हा नियम आहे."

"मग नको म्हणायचं."

"जेवताना बोलायचं नाही, हाही नियम आहे."

"अप्पा, तुमच्या या दोन नियमांमधून शेपूशिवाय दुसरं काही निष्पन्नच होत नाही!"

"तर्कशास्त्र मला शिकवू नका. मी गणित शिकवत होतो."

"जेवण झाल्यावर सांगायचं. हात धुताना. पान खाताना."

यावर अप्पांनी टोपी काढली, पाहिली, परत घातली.

"माझं झालं की ती बसायची," ते म्हणाले. "एकदा मी पाण्याला म्हणून आत गेलो. बघितलं तर पातेल्यातली राहिलेली शेपू तिनं सगळी घेतली होती पानात. खाली मान घालून खात होती. म्हटलं, हिला आवडते. माझ्या नावावर करते आणि खाते. बाईमाणसाला स्वतःच्या आवडीचं करायला कोणाचं तरी नाव लागतं आपल्याकडे. म्हटलं, असू दे माझं."

कृष्णाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "आणि आता?" त्यांनी विचारलं.

"आता ती खात नाही. श्राद्धाचं उरलेलं तिला पचत नाही, रमाकांत घेऊ देत नाही. मग कोणासाठी चाललंय हे?"

इतक्यात वरून, शेजारच्या बिऱ्हाडातून यावेत तसे, आवाज आले. गुरुजी म्हणत होते, "रिसबूड, अहो, असं काय बघताय? तृप्त म्हणा." रमाकांत म्हणत होता, "उन्हानं चक्कर आली का हो?" आणि माईंचा आवाज: "नाही म्हणाले ना? म्हणजे काहीतरी कमी पडलं. पानात शेपू संपत आलीय बघा. आणते."

"अहो, नको!" मी ओरडलो. पडवीत सगळ्यांनी वळून पाहिलं. तिकडे ऐकू गेलं नाही.

हवेतून एक पळी खाली आली आणि आमच्या पानावर शेपू पडली.

मी बाह्या सरसावल्या. सोवळ्याला बाह्या नसतात, पण सरसावल्या. "अप्पा, मी खातो ही. पान रिकामं झालं की म्हणाल तृप्त?"

"म्हणेन."

मी खाल्ली. ऊर्मीचं नाव घेऊन खाल्ली. एकही घास चावला नाही. दहाएक घासांत पान लख्ख केलं आणि वर पाहिलं.

"अगंबाई," वरून माईंचा आवाज आला, "आज फारच आवडलीय. थांबा, पातेलंच आणते."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या ढ मुलाकडे पाहावं तसं.

"तृप्त झालात?" गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारलं. आवाजात आता पुढची दोन घरं ऐकू येत होती.

माझ्या पाटाखालची सावली अगदी फिकी झाली होती. लांबवर रांगेच्या टोकाशी काही लोक पानावरून उठून धोतरं झटकायला लागले होते.

"अप्पा," मी म्हणालो, "एकच मार्ग आहे. त्या वाढायला येतील तेव्हा तोंड उघडायचं आणि नको म्हणायचं."

"जेवताना?"

"जेवताना."

"नियम मोडून?"

"मोडून."

"तिला वाईट वाटेल. चोपन्न वर्षं केलेली भाजी आहे."

"वाटेल."

"मग?"

"मग काय? वाटू द्या. चोपन्न वर्षं त्या तुमच्या पानाशी वाकून वाढताहेत आणि पानाकडून त्यांना एक शब्द नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मी भिंतीकडे तोंड करून एक तास जेवलो तर वेड लागायची पाळी आली. त्या भिंतीलाच वाढत आल्यात!"

अप्पांचा चेहरा लाल झाला. मेलेल्या माणसाचा होतो, हे मला नवीन होतं. "शाळेत आठ तास बोलायचो मी! घरी आल्यावर माणसाला वाटतं की..."

"मला तुमची शाळा ऐकायची नाही. माझ्या मुलीची सुटतेय. आणि नाही म्हणालात तर लक्षात ठेवा, मीही इथेच बसणार. याच पाटावर. अर्धा पाट माझा. आणि मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नाही."

"म्हणा हो अप्पा," कृष्णाबाई कळवळून म्हणाल्या. "हा बसला तर आम्हालाही ऐकावं लागेल."

अप्पांचे ओठ फोटोतल्यासारखे मिटले. मला वाटलं, संपलं. दाढीवाले उठले. त्यांच्या पलीकडचे उठले. पंगत एकेक पान करून आमच्याकडे उठत येत होती.

आणि पळी पुन्हा खाली आली. या वेळी पळीबरोबर हातही आला.

हात मनगटापर्यंतच दिसत होता. सुरकुतलेला, निळ्या शिरांचा, अंगठ्यावर विळीचा जुना वण. पळी थरथरत होती आणि शेपूचा एक थेंब पानाबाहेर पडला.

अप्पांनी खालच्या मानेनं तो थेंब पाहिला. मग मान वर केली. मला वाटतं, पानावर बसलेले असताना त्यांनी मान वर करायची ती पहिलीच वेळ.

"किती म्हातारा झाला हिचा हात," ते म्हणाले.

मीही वेळेवर गप्प बसू शकतो.

अप्पांनी आपला तळवा पानावर आडवा धरला.

"नको," ते म्हणाले.

भिंत होती. कॅलेंडर तिच्यावर होतं. माझा तळवा पानावर आडवा होता, माझं तोंड उघडं होतं आणि 'नको' खोलीभर घुमत होतं. समोर पातेलं आणि पळी घेऊन माई वाकल्या होत्या, वाकलेल्याच थांबल्या होत्या. लेले जागे झाले होते.

"नको म्हणायचं नाही!" गुरुजी ओरडले. "सांगितलं होतं तुम्हाला! पितरांच्या पानावर..."

"तुम्ही थांबा," माई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या, माझ्या पानासमोर, पातेलं मांडीवर घेऊन. मला त्या एरवी 'प्रोफेसर' म्हणायच्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "काय म्हणालात?"

रमाकांत घाबरून माझ्याकडे बघत होता. मी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि मला काही करावं लागलं नाही.

"शेपू नको. कधीच नको होती."

माईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता रडतील. रमाकांतलाही वाटलं असावं, तो पुढे झाला. पण माई हसत होत्या. आवाज न करता, खांदे गदगदत, पातेल्यावर वाकून.

"चोपन्न वर्षं," त्या म्हणाल्या. "चोपन्न वर्षं लागली एवढं म्हणायला. पहिल्या महिन्यातच कळलं होतं मला. नाकावाटे श्वास बंद करून गिळायचे. म्हटलं, बघू किती दिवस गिळतात. उद्या तरी म्हणतील, अगं नको. परवा तरी म्हणतील. एकदा तोंड उघडावं या माणसानं माझ्यासमोर, जन्मात पुन्हा करणार नाही. तर नाही! बिनतक्रार चाटूनपुसून! मग मीही हट्टाला पेटले."

"पण आई," रमाकांत म्हणाला, "तुला आवडायची ना? तू उरलेली सगळी खायचीस."

"टाकायची कुठे? पानात टाकायचं नाही, हा तुझ्या वडिलांचा नियम." माईंनी नाक मुरडलं. "घाणेरडा वास मेला. पोटात जायची नाही."

माझ्या घशात काहीतरी हललं. मला ते माझं हसू वाटलं, पण ते बरंच जुनं आणि खडूची धूळ बसलेलं होतं.

माईंनी पातेलं रमाकांतच्या हातात दिलं. "ने. कुंडीत ओत." मग माझ्या पानाकडे पाहिलं. "खीर वाढू?"

"वाढ," मी म्हणालो. म्हणजे मी नव्हे. मी माईंना अगं-तुगं करणं शक्य नाही.

त्यांनी खीर वाढली. मी सावकाश खाल्ली. शेवटी आवाज आला, "छान झालीय." गुरुजी कपाळाला हात लावून बसले. माई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि या वेळी त्या हसत नव्हत्या.

"तृप्त झालात?" गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं, जीव मुठीत धरून.

"तृप्त," मी म्हणालो. खोलीत एकदम कोणीतरी कमी झाल्यासारखं वाटलं, आणि पाट मला मोठा व्हायला लागला.

घड्याळात तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी सोवळं सोडून, पँट चढवून, जानवं शर्टाबाहेर लोंबत, जिन्यानं धावत सुटलो. खाली गुरुजी लूनाला पायडल मारत होते.

"मिनिटभर," मी म्हणालो. "तुमच्या आईचं श्राद्ध कधी असतं?"

"नवमीला. का?"

"त्यांना पुरणपोळी नको आहे. ज्वारीची भाकरी. गरम. वर ठेचा."

गुरुजींचा पाय पायडलवर राहिला. "तुम्हाला कोणी..."

"आणि पाव तासात आटोपू नका," मी म्हणालो आणि पळालो. वळणावर मागे पाहिलं, तर पुढच्या दोन घरांचे गुरुजी अजून तिथेच उभे होते, बंद लूना हातात धरून.

ऊर्मी पायरीवर बसली होती, दप्तर मांडीवर. एकटीच. मला बघून उठली. "तू उशिरा आलास," ती म्हणाली. मग माझा हात हुंगला. "बाबा, तू काय खाल्लंस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शैलजानं मला वाढलं. भात, वरण, आणि दुधी. मी सवयीनं दुधीचा पहिला घास उचलला, आणि पानावर परत ठेवला. ती वाटी घेऊन दुसऱ्यांदा वाढायला आली, तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.

"नको," मी म्हणालो. "मला दुधी आवडत नाही. कधीच आवडला नाही."

शैलजानं वाटी खाली ठेवली. खालच्या मजल्यावरून माईंच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "माई म्हणाल्याच होत्या, धीर धर, बोलतात एक दिवस." आणि माझ्यासमोर, पाट ओढून, माझ्याबरोबर जेवायला बसली.